अजून वर्षभर चालतील

गाडीतून टक् टक् आवाज येत होता, आणि तो टायर फुटण्याआधीचा आवाज आहे असं आईचं ठाम मत होतं. म्हणून एका सकाळी एक फिकट निळी, वयस्कर पण नीट ठेवलेली गाडी टायरच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. पुढच्या सीटवर मांडीवरची पर्स आवळून धरलेली आई, स्टिअरिंगमागे तिचा चष्मा लावलेला मुलगा. आणि दुकानाच्या दारात, हातात हवा मोजायचं गेज घेऊन, ती.

ती म्हणजे दुकानाची धाकटी मालकीण. थोरले मालक म्हणजे तिचे बाबा. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ते दुकानावरच्या मजल्यावर खिडकीत बसून असत, आणि खालचा सगळा कारभार हिच्या हाती आला होता. हुशार होती, कामाला चपळ होती, दिसायलाही छान होती. पण संशयी इतकी, की दूधवाला हसून 'बरं आहे ना ताई' म्हणाला तर आज पाणी जास्त घातलंय का हे ती आधी बघायची. बाबा तिला लाडाने शंकासुर म्हणत. तिला ते बिरूद आवडायचं.

आणि सध्या तर संशयाला सबळ कारण होतं. समोरच्या फुटपाथवरच्या दुकानाची एजन्सी टायर कंपनीने नुकतीच काढून घेतली होती. कंपनीने गिऱ्हाइकाच्या वेशात आपला माणूस पाठवला. त्याच्या गाडीचे टायर धडधाकट होते, तरी दुकानदाराने त्याला घाबरवून चार नवे टायर गळ्यात मारले. आठवड्याभरात पाटी उतरली. आता हा छुपा तपासनीस रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात, म्हणजे हिच्याकडेच, येणार हे उघड होतं. कधी आणि कोणत्या रूपात, ते कोणालाच माहीत नव्हतं. एजन्सी गेली की बाबांनी उभ्या आयुष्यात उभं केलेलं दुकान पंक्चर काढण्यावर येणार, ही धास्ती घेऊन ती रोज शटर वर करत होती.

"चारही टायर बदलायचेत," तो गाडीतून उतरत म्हणाला.

"बदलायचेत असं कोणी सांगितलं?"

"आईने."

"त्यांना टायरमधलं कळतं का?"

"नाही, ती शाळेत शिकवायची. पण त्याने तिला काही फरक पडत नाही."

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण धंद्याच्या वेळी अनोळखी माणसाच्या विनोदाला हसायचं नाही, हा तिचा नियम होता. ती चाकांजवळ उकिडवी बसली. प्रत्येक टायरच्या खाचेत नाणं उभं घालून पाहिलं, कडेवरून हात फिरवला. नक्षी छान खोल होती. मागच्या डाव्या चाकाच्या खाचेत मात्र एक खडा रुतून बसला होता. तिने स्क्रू ड्रायव्हरने तो उचकटला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा तुमचा आवाज. टायर उत्तम आहेत. अजून वर्षभर चालतील."

"बघ," आई आतून म्हणाल्या, "मी म्हणत होते ना, काहीतरी आहे म्हणून."

तो मात्र खड्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने शर्टाच्या खिशातून पेनाएवढी टॉर्च काढली, वाकून टायरच्या खाचेत उजेड पाडला आणि बारकाईने पाहिलं. उठला, आणि टॉर्च विझवून सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. आधी उजव्या, मग डाव्या. त्या बघण्यात आगाऊपणा नव्हता. शांत, लक्ष देऊन बघणं होतं, आणि ते जरा लांबलंच...

तिच्या मनात पाल चुकचुकली.

"तुम्ही नेहमी असं गिऱ्हाईक परत पाठवता?" त्याने विचारलं.

"टायर चांगले असले तर."

"मग दुकान कसं चालतं?"

"सरळ."

गाडी गेल्यावर ती तडक वरच्या मजल्यावर गेली. "बाबा, येऊन गेला. कंपनीचा माणूस."

बाबांनी खिडकीतून सगळं पाहिलंच होतं. "आईला घेऊन?"

"तेच तर. कोणाला शंका येऊ नये म्हणून."

"म्हणजे ती आईसुद्धा कंपनीची?"

"मागून आणली असेल कुणाची तरी," ती म्हणाली. बाबा इतके हसले, की गुडघा दाबून धरावा लागला.

पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा आला, या वेळी एकटा.

"आता कुठला आवाज येतोय?" तिने विचारलं.

"आवाज नाही. जरा माहिती हवी होती. वर्षाने टायर घ्यायचे तर आधीपासून विचार केलेला बरा, नाही का?"

एवढी दूरदृष्टी असलेलं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पण कंपनीचा माणूस म्हटल्यावर वाकड्यात जाऊन चालणार नव्हतं. तिने त्याला मांडणीवरचे टायर दाखवायला सुरुवात केली. हा कडक रबराचा, पुष्कळ टिकतो, पण खड्डा पाठीला कळवतो. हा मऊ, रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. प्रत्येक टायरची खोड ती आधी सांगत होती आणि गुण नंतर. आपल्याच मालाची इतकी निंदा त्या दुकानात पूर्वी कोणी केली नसेल.

"घरात काय हवंय?" तिने विचारलं.

"वडिलांना टिकाऊ हवेत. आईला आवाज नको. वहिनी म्हणते, ओल्या रस्त्यावर गाडी घसरता कामा नये."

"आणि तुम्हाला?"

टायरच्या नक्षीवरून त्याचं एक बोट उगाच फिरत राहिलं. "मला... अजून नीट ठरवता येत नाहीये. म्हणून तर येतोय."

हे उत्तर तिने मनात नोंदवून ठेवलं. संशयास्पद.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुमच्या घरच्या गाडीला यातला कोणता बसवाल?"

असा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. तिने क्षणभर विचार केला आणि कोपऱ्यातल्या एका साध्या दिसणाऱ्या टायरवर हात ठेवला. "हा. दिसायला काही खास नाही. पण भर पावसात ब्रेक मारला तर थांबतो. बाकी सगळं नंतर बघता येतं. थांबणं नंतर बघता येत नाही."

त्याने मान डोलवली, आणि आली पुन्हा ती टॉर्च. टायरच्या बाजूवर उठवलेले बारीक आकडे तो वाचायला लागला. तिने लांबूनच सांगितलं, "शेवटचे चार बघा. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. गेल्या महिन्यातला माल आहे."

"तुम्हाला इतक्या लांबून दिसलं? टॉर्चशिवाय?"

"काळ्यावरचं काळं वाचायची सवय आहे."

तो वळला आणि परत तेच, सरळ डोळ्यांत बघणं. या वेळी तीही हटली नाही. कॉम्प्रेसर मागे धडधडत होता, का धडधडणारं दुसरं काही होतं, ते तिला नीट कळेना.

"माझ्या डोळ्यांत काही गेलंय का?"

"नाही... डोळे छान आहेत."

"छान म्हणजे?"

"म्हणजे... स्वच्छ," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले. पकडले गेल्यावर कंपनीच्या माणसांचेही कान लाल होत असणार, असा तिने हिशेब लावला.

दुकानातले जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, जॅकवर हात ठेवून हा सोहळा बघत होते. तो गेल्यावर ते म्हणाले, "पोरी, हा माणूस टायर बघायला येतो असं मला काही वाटत नाही."

"तेच म्हणतेय मी, मामा. दुकान बघायला येतो."

मामांनी कपाळावर हात मारला आणि जॅककडे वळले. काही माणसांना उजेडात आणून सोडलं तरी ती सावलीच शोधतात, त्याला मामा तरी काय करणार.

तिसऱ्या फेरीला तिने सोक्षमोक्ष लावला. "हे बघा, तुमचे टायर झिजेपर्यंत मी तुम्हाला नवा विकणार नाही. कितीही वेळा या. तेव्हा वर्षभर इकडे फिरकायची तसदी घेऊ नका."

"वर्षभर?"

"वर्षभर."

त्याचा चेहरा एवढासा झाला. 'बरं' म्हणून तो निघून गेला, आणि तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यानंतरचे बरेच दिवस फिकट निळी गाडी रस्त्यावरून गेली की तिची मान आपोआप वर व्हायची. हे आपण सावधगिरी म्हणून करतोय, असं ती स्वतःला सांगत होती. गाडी दुसऱ्याच कुणाची निघाली की तिची चिडचिड व्हायची, त्याला मात्र तिच्याकडे नाव नव्हतं.

मग एका भुरभुर पावसाच्या दुपारी ती गाडी खरंच आली. वळणावर वेग बेताचाच होता. दुकानासमोर त्याने ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण गाडी काही थांबेना. ओल्या रस्त्यावरून ती सावकाश, आडवी होत घसरली आणि दारातल्या टायरच्या उभ्या चळतीवर जाऊन आदळली. चळत कोसळली. टायर चारही दिशांना गडगडत गेले.

ती धावली. "लागलं का? अहो, लागलं का कुठे?"

"नाही..." तो पांढराफटक पडला होता. दार उघडून कसाबसा बाहेर आला.

त्याच्या हाताला, कपाळाला काही झालेलं नाही हे तिने डोळ्यांनी तपासलं, आणि मगच खाली पाहिलं. चाकांवर टक्कल पडलेले टायर होते. नक्षीचा मागमूस नाही. आणि प्रत्येक टायरच्या गालावर एक पिवळी फुली, एक पाय लांब आणि एक आखूड. तशी फुली सगळ्या गावात एकच हात काढायचा. तिचा.

बाबांच्या काळापासून दुकानाचा एक रिवाज होता. गाडीचा उतरवलेला, निकामी ठरलेला टायर बाहेर जाण्याआधी त्याच्या बाजूला सुरीने लांब चीर द्यायची, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या चाकावर चढायचा नाही. बाबा याला 'कान कापणं' म्हणत. कान कापल्याशिवाय टायर भंगारात जायचा नाही. पण मामांचा खांदा दुखायला लागला, कामाची गर्दी वाढली, आणि भंगारवाला म्हणाला, "ताई, कापलेले टायर रचायला त्रास होतो. फुली मारून द्या फक्त, आम्ही तोडूनच टाकतो." ती लहान असताना तिला हातगाडीवर बसवून फिरवणारा माणूस तो. दूधवाल्यावर संशय घेणाऱ्या या मुलीने त्याच्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

तिला सगळं लख्ख कळलं. हा तपासनीस पुरावाच घेऊन आला होता.

मामांनाही कळलं. ते जवळ आले आणि हातातलं तेलकट फडकं दाखवत हळूच म्हणाले, "पोरी, पुसून टाकू का? घडीभराचं काम आहे."

तिने वर पाहिलं. खिडकीत बाबा होते. इतक्या वरून त्यांना फुली दिसत नव्हती, पण त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. पुसलं तर एजन्सी वाचेल, कदाचित.

"नको, मामा," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे वळली. "साहेब, तुम्ही कोण आहात ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हे टायर माझ्याच दुकानातून उतरलेत. फुली माझी आहे. त्यांचे कान कापायचे राहिले, तेही माझ्यामुळे. बाबांचा किंवा मामांचा यात काही दोष नाही. कंपनीला काय कळवायचं ते कळवा. फक्त ही गाडी या चाकांवर इथून पुढे जाणार नाही. मामा, डिकीतून स्टेपनी काढा, बाकी तीन चाकांचं बघू."

"डिकी नको..." तो घाईने म्हणाला.

मामांनी तोवर डिकी उघडली होती. आत फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखे निजवलेले दोन टायर होते. आणखी दोन मागच्या सीटवर. त्याचेच. धडधाकट, खोल नक्षीचे, अजून वर्षभर चालणारे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा प्रत्यक्ष बघायला मिळाला.

"ही काय भानगड आहे?" तिने विचारलं.

"कंपनी... कुठली कंपनी?" त्याने विचारलं.

"टायर कंपनी. तुम्ही तिकडचे ना?"

"माझं चष्म्याचं दुकान आहे हो. मंडईच्या मागच्या रस्त्याला. मी डोळे तपासतो."

कॉम्प्रेसर नेमका त्याच वेळी बंद पडला.

"मग हे?" तिने टकल्या टायरकडे बोट दाखवलं.

तो जमिनीकडे बघत होता. "तुम्ही म्हणालात, टायर झिजल्याशिवाय विकणार नाही. म्हणालात, वर्षभर येऊ नका. वर्षभर... फार होतं हो. म्हणून भंगारवाल्याकडून झिजलेले घेऊन चढवले. म्हटलं, आता तरी नाही म्हणणार नाहीत."

मामा खोकण्याच्या निमित्ताने आत निघून गेले.

आधी तिला एकदम हलकं वाटलं. तो कंपनीचा नव्हता. तो टायरसाठी आलाच नव्हता. आणि मग, त्या हलकेपणाच्या मागोमाग, संतापाची लाट आली.

"आई गाडीत असत्या तर?"

"तिला नसतं आणलं. भंगारवाल्याकडून इथपर्यंतच यायचं होतं..."

"आणि रस्त्यावरची माणसं? या टायरांच्या चळतीच्या जागी कोणी उभं असतं तर? मी उभी असते तर? मी रोज तिथेच उभी असते."

त्याने सबब सांगितली नाही. म्हणाला, "चुकलं. फार मोठं चुकलं. ब्रेक दाबला आणि गाडी ऐकेना, तेव्हा कळलं."

तिला आणखी बरंच बोलायचं होतं. पण इतका सरळ कबूल करणारा माणूस समोर असला की भांडणाला धार राहत नाही. आणि आपलंही तर चुकलंच होतं. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"भंगारवाल्याने मुकाट दिले?"

"दिले म्हणजे? म्हणाला, मागे अजून ढीग पडलाय, हवे तेवढे घेऊन जा."

ती ताडकन उठली. "मामा, यांचे टायर परत चढवा. आणि मोठी सुरी द्या."

भंगाराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमागे खरंच ढीग होता. पिवळ्या फुल्यांचा. भंगारवाला आधी हसला, मग गडबडला, मग दुखावल्याचा चेहरा केला. "ताई, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"होता," ती म्हणाली. "तीच तर चूक झाली. बाजूला व्हा."

मग कान कापायला सुरुवात झाली. चष्मेवाल्याने टायर धरायचा, तिने चीर द्यायची. पाऊस पत्र्यावर बारीक वाजत होता. रबराचा उग्र वास, हात कोपरापर्यंत काळे. ती दमली तेव्हा त्याने सुरी मागून घेतली आणि एका टायरशी अशी काही झटापट केली, की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. दोन्ही हात काळे. वर सारायचा कसा? तो तसाच, मान मागे टाकून तिच्याकडे बघत उभा राहिला. तिने मनगटाच्या स्वच्छ राहिलेल्या जागेने तो हळूच वर ढकलला. दोघंही मग काही वेळ उगाचच टायर मोजत असल्यासारखं करत राहिले.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्यावर संशय घेत होतात," तो म्हणाला.

"होते नाही. अजून आहे."

"अजून?"

"चष्मेवाले असल्याचा पुरावा काय?"

त्याने आपले काळे हात पाहिले. पुरावा द्यायच्या अवस्थेत तो नव्हता. "दुकानात या. डोळे तपासून देतो."

"बघू," ती म्हणाली. तिच्या तोंडी 'बघू' हा शब्द फारच क्वचित यायचा.

त्या ढिगातले काही टायर आधीच गेलेले होते. घरी येऊन तिने बाबांना सगळं सांगितलं. म्हणजे फक्त फुल्यांचं. चादरीचं मामांनी सांगितलं. बाबांनी खिडकीतून खालच्या चळतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "कंपनीला मी फोन करतो. त्यांनी शोधून काढण्याआधी आपणच सांगितलेलं बरं. आणि दारावर पाटी लाव, पिवळ्या फुलीचा टायर ज्याच्या चाकावर असेल त्याला बदलून मिळेल." पाटी लागली. टायर एकेक करून परत येऊ लागले. कंपनी विचार करते म्हणाली, आणि कंपनीने पुष्कळ विचार केला. तोवर हिने नीट जेवण केलं नाही. शेवटी फोन आला. एजन्सी राहील, पण आमचा माणूस आता कधीही, कोणत्याही रूपात येईल.

"म्हणजे शंकासुराला जन्मभराचं काम मिळालं," बाबा म्हणाले. "तुझा तो आईवाला तपासनीस काय म्हणतो?"

"माझा कशाला असेल?" ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी हात साबणाने घासघासून धुऊन मंडईच्या मागच्या रस्त्याला गेली. फक्त खातरजमा करायला, बरं का.

चष्म्याचं दुकान होतं. पाटीही होती. काचेच्या कपाटात फ्रेमा ओळीने मांडलेल्या. टेबलावर भिंगं ठेवायची एक लहान बशी होती, आणि तिच्यात भिंग नव्हतं. एक खडा होता. तिने तो ओळखला, आणि ओळखला नाही असं दाखवलं.

तो उठून उभा राहिला. "तुम्ही... खरंच आलात?"

"तपासायला आले."

"डोळे?"

"तुम्हाला. पण डोळेही तपासा, आलेच आहे तर."

आतल्या खोलीत त्याने तिला उंच खुर्चीवर बसवलं आणि दिवा मालवला. समोर उजळलेली अक्षरांची पाटी. पहिली ओळ तिने वाचली, दुसरी वाचली. तिसरी, चौथी, भराभर. खाली आता दोनच ओळी उरल्या होत्या. त्या वाचून झाल्या की तो दिवा लावणार, 'डोळे उत्तम' म्हणणार, आणि आपण उठून घरी जायचं...

"पुढची?" तो म्हणाला.

"म... नाही, भ असेल. पुढचं पुसट आहे."

"पुसट?" त्याने तिच्या नाकावर ती जाड, जड फ्रेम चढवली आणि एक भिंग घातलं. "आता?"

"अजून पुसट."

त्याने ते काढलं, दुसरं घातलं. "आणि आता?"

"हां... आता जरा बरं दिसतंय."

अंधारात तिला त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "ही साधी काच आहे. हिला नंबरच नाही."

तिने नाकावरची फ्रेम उगाच सारखी केली.

"तुम्ही काळ्यावरचं काळं लांबून वाचता. मी पाहिलंय. या डोळ्यांना चष्मा नको."

"तुम्ही नेहमी असं गिऱ्हाईक परत पाठवता?"

"डोळे चांगले असले तर."

"मग मी पुन्हा कोणत्या कारणाने येऊ?" ती म्हणाली. आवाजात भांडण होतं, पण फार पातळ. "टकले टायर भंगारात मिळतात. मिणमिणे डोळे कुठे मिळतात?"

तो हसला. मग हसू थांबलं. त्याने ती जड फ्रेम दोन्ही हातांनी अलगद काढली, आणि पुन्हा ते बघणं. आधी उजवा डोळा, मग डावा. टॉर्च नव्हती, आणि या वेळी ते बघणं धंद्याचं नव्हतं.

"कारण नको," तो म्हणाला. "मला तुम्ही आवडता. तो खडा हातावर ठेवलात ना... तेव्हापासून. त्यानंतरचे टायर, आई, वहिनी, हे सगळं खोटं होतं. म्हणजे वहिनी आहे. पण तिने टायरबद्दल काहीच म्हटलं नव्हतं."

ती पाटीकडे वळली आणि उरलेल्या दोन्ही ओळी, अगदी खालची धरून, एकही अक्षर न चुकता वाचून दाखवल्या. मग म्हणाली, "मलाही तुम्ही आवडता. मी इतके दिवस त्याला संशय म्हणत होते."

बाहेर कुणीतरी दुकानाचं दार वाजवलं. दोघांनीही ते ऐकलं नाही असं केलं.

"आणि टायर?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं. "त्यांचं काय करायचं?"

"अजून वर्षभर चालतील. सांगितलं ना."

"आणि वर्षाने?"

"वर्षाने मी तुम्हाला टायर विकणार नाही," ती म्हणाली. "तो कोपऱ्यातला साधा दिसणारा, थांबणारा टायर बसवणार आहे. घरच्या गाडीला मी तोच बसवते."